पावसाळ्याआधी बॅकअप: डीटीपीच्या जुन्या फायली वाचवतानाच्या नोंदी

मी सांगलीत घरून डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवायचं काम, करते. स्मरणिका, दिवाळी अंक, सहकारी संस्थांचे अहवाल, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे लोकांनी पदरमोड करून छापलेली पुस्तकं: कवितासंग्रह, आत्मचरित्रं, गावांचे इतिहास. अशा पुस्तकांची हस्तलिखितं सहसा कुणी जपून ठेवत नाही. लेखक जातात. काही वर्षांनी त्यांची मुलं दुसरी आवृत्ती काढायची म्हणून येतात, तेव्हा मजकुराची एकुलती एक प्रत माझ्याकडच्या फाइलमध्ये असते. तिला जपणं हे मी माझ्या कामाचाच भाग मानते. श्रीलिपी, आयएसएम (मराठी टायपिंग आणि फॉन्टची सॉफ्टवेअर), पेजमेकर (पानं जुळवण्याचं) यांवर ज्यांची वर्षं गेली आहेत त्यांना उपयोग होईल, म्हणून नोंदी जशा केल्या तशाच देते आहे.

४ मे

आधी मोजदाद. फायली चार ठिकाणी सापडल्या: रोजचा संगणक, कपाटातली ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क, सीडी-डीव्हीडींची पिशवी, आणि भाच्याच्या मॅकवर ठेवलेल्या मुलाखतींचं रेकॉर्डिंग. सगळं मिळून सहाशे जीबीच्या आसपास, त्यात एकच गोष्ट अनेकदा.

आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. आमच्या गल्लीत २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांत पाणी शिरलं. त्यामुळे घरातल्या घरात दोन डिस्क ठेवून इथे भागत नाही. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम धरला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी. त्याला माझी एक अट जोडली. प्रत कोऱ्या मशीनवर उघडून वाचता आली, तरच ती झाली असं धरायचं.

खरेदी: २ टीबीच्या दोन पोर्टेबल डिस्क, १३,४०० रुपये.

६ मे

सीडींची पिशवी. लेखणीने नाव लिहिलेल्या बहुतेक सीडी वाचता आल्या. ज्यांवर चिकटपट्टीचं लेबल होतं त्यांनी दगा दिला. लेबल दमट हवेत सुटलं आणि सुटताना खालचा चंदेरी थर घेऊन आलं. सीडीत माहितीचा थर लेबलच्या बाजूलाच, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. डीव्हीडीत तो दोन प्लॅस्टिक चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून त्याच लेबलच्या डीव्हीडी शाबूत निघाल्या. तुमच्याकडे लेबल लावलेल्या सीडी असतील तर लेबल काढायला जाऊ नका. आहे त्या स्थितीत आधी कॉपी करून घ्या. एक ड्राइव्ह वाचत नसेल तर दुसऱ्यात घालून बघा. माझ्या काही सीडी संगणकातल्या ड्राइव्हने नाकारल्या आणि शेजाऱ्यांच्या जुन्या लॅपटॉपने निमूट वाचल्या.

११ मे

५०० जीबीची जुनी डिस्क. लावल्या लावल्या डिस्कची तब्येत सांगणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोने पिवळा इशारा दाखवला, म्हणजे खराब सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे कप्पे) बदलून बदलून डिस्क थकली आहे. अशा डिस्कवरून नेहमीसारखं कॉपी-पेस्ट करू नये. खराब जागा आली की विंडोज तिथेच पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत राहतं आणि उरलासुरला जीव त्यात जातो.

पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) सुरू करून डीडीरेस्क्यू या साधनाने संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, नव्या डिस्कवर घेतली. हे आधी चांगला भाग भराभर उचलतं, खराब जागा सोडून पुढे जातं आणि शेवटी त्या जागांकडे परत येतं. कुठवर आलं याची नोंद मॅप फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे मध्ये थांबवलं तरी काम पहिल्यापासून करावं लागत नाही. मॅप फाइल देणं ऐच्छिक आहे, पण देऊ नये असा प्रसंग मला सुचत नाही. रात्र आणि दुसरा दिवस गेला. जवळजवळ सगळं आलं. एका पतसंस्थेच्या अहवालातले फोटो मात्र गेले.

१८ मे

रोजच्या संगणकावरून पहिल्या डिस्कवर कॉपी. साधन रोबोकॉपी, ते विंडोजमध्येच असतं. रात्री लावलं, सकाळी बघते तर एकाच फाइलवर अडकलेलं. मेलचा प्रोग्राम चालू होता आणि त्याची फाइल त्याने धरून ठेवली होती. रोबोकॉपीला काही सांगितलं नाही तर न मिळालेल्या फाइलसाठी ते दहा लाख वेळा प्रयत्न करतं आणि दर वेळी ३० सेकंद थांबतं. रात्र फुकट गेली. आता दोनदाच प्रयत्न, मध्ये पाच सेकंद, असं बांधून दिलं आहे.

मराठी नावांची आणखी एक अडचण. लॉग, म्हणजे कॉपीची नोंदयादी, उघडला तर फायलींच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा. काय अडलं तेच कळेना. साध्या लॉगऐवजी युनिलॉग हा पर्याय दिला की नावं देवनागरीत येतात. ज्यांच्या फायलींची नावं मराठीत आहेत त्यांनी हे पहिल्याच दिवशी करावं.

मिरर हा पर्याय वापरताना सांभाळा. मूळ फोल्डरमध्ये जे नाही ते तो प्रतीमधूनही पुसतो. पेन ड्राइव्ह आधी लावला की डिस्कचं अक्षर बदलतं आणि भलत्याच डिस्कवर सफाई होऊ शकते. म्हणून बॅकअपच्या डिस्कवर खुणेची एक रिकामी फाइल ठेवली आणि बॅच फाइलला (कॉपीच्या आज्ञांची फाइल) सांगितलं की ती दिसली तरच पुढे जा. या खुणेच्या फाइलचं नाव रोमनमध्येच ठेवा, बॅच फाइलमध्ये देवनागरी नाव नीट वाचलं जाईलच असं नाही.

२५ मे

वळिवाचा पाऊस, वीज गेली, कॉपी अर्धी राहिली. डिस्क एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट केलेली होती, कारण मॅकवरही चालावी. परत लावल्यावर काही फायलींचं नाव बरोबर, आकार बरोबर, आणि आत सगळी शून्यं. एक्सफॅटला जर्नल, म्हणजे चालू लिखाणाची नोंद, नसतं, लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धवट काय राहिलं हे त्याला नंतर कळत नाही. डिस्क एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीत फॉरमॅट करून सगळं पुन्हा कॉपी केलं.

याचा मोठा धडा तपासणीचा होता. नाव आणि आकार जुळले म्हणजे फाइल जुळली असं होत नाही. आता प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश (आतल्या बाइटांवरून काढलेला ठसा) काढून यादी करते आणि कॉपी झाल्यावर दोन्ही बाजूंच्या याद्या ताडून बघते. विंडोजमधलं सर्टयुटिल यासाठी पुरतं, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. यूपीएसची बॅटरी बदलली, ९५० रुपये.

१ जून

दुसरी प्रत जुन्या लॅपटॉपवर, लिनक्स टाकून. एनटीएफएस डिस्क त्याला लावली आणि आरसिंक या साधनाने कॉपी सुरू केली. काम संपलं, आणि शेवटी एकच ओळ: काही फायली गेल्या नाहीत. वर शोधत गेले तर कारण होतं, नाव फार मोठं.

हे नाव बघा: ‘ग्रामपंचायत शतकमहोत्सवी स्मरणिका मुखपृष्ठ शेवटची दुरुस्ती सरपंचांनी पाहिलेली छपाईसाठी पाठवलेली’. विंडोजला यात काही वावगं वाटलं नाही. एनटीएफएस २५५ चिन्हं मोजतं आणि इथे शंभरसुद्धा नाहीत. लिनक्सची फायली साठवण्याची पद्धत ईएक्सटी-४ मात्र २५५ बाइट मोजते. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि चिन्ह म्हणजे नुसतं अक्षर नाही: काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, सगळे वेगळे धरायचे. वरच्या नावात अशी बरोबर ८५ चिन्हं आहेत. २५५ बाइट तिथेच संपले, मोकळ्या जागा आणि एक्सटेन्शन वर. इंग्रजीत नाव देणाऱ्याला ही मर्यादा जन्मात भेटणार नाही. आपल्याला भेटते, आणि अशी लांबलचक नावं नेमकी शेवटच्या, सगळ्यांत महत्त्वाच्या फायलींना दिलेली असतात.

अशा सगळ्या फायलींना छोटी नावं दिली: साल, कामाचा क्रमांक, दोन शब्द. पूर्ण वर्णन एका वहीत आणि एका तक्त्यात. या नामकरणात बराच वेळ गेला, पण प्रत्येक काम पुन्हा डोळ्यांखालून गेलं. त्यात गावोगावच्या शाळांचे अमृतमहोत्सवी अंक होते. त्यांतले कितीतरी त्या शाळांकडेही आता नसतील.

३ जून

भाच्याच्या मॅकवरच्या मुलाखती. त्या मॅकच्या जुन्या एचएफएस-प्लस पद्धतीच्या डिस्कवर होत्या, तिथून लॅपटॉपवर आणल्या. यादी ताडली तर ‘शेतकऱ्यांच्या मुलाखती’ हे फोल्डर एकीकडे नाही आणि दुसरीकडे जास्तीचं. स्क्रीनवर दोन्ही नावं हुबेहूब सारखी.

भानगड ‘ऱ’ मध्ये आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणपद्धतीत, ऱ हे एक स्वतंत्र चिन्ह आहे, पण ‘र’ खाली नुक्ता (टिंब) देऊनही तेच दिसतं. इनस्क्रिप्ट कीबोर्डवरून टाइप केलं की एकसंध ऱ येतो. एचएफएस-प्लस नाव साठवताना त्याचे दोन तुकडे करते. परत लिनक्सवर आणलं की ते तुकड्यांचं नाव वेगळंच नाव ठरतं, कारण तिथे बाइट जुळले तरच नाव जुळतं. दुसऱ्या, शेतकऱ्यांच्या, कर्मचाऱ्यांच्या, न्याऱ्या अशा शब्दांशिवाय मराठीत चार ओळी लिहिता येत नाहीत, त्यामुळे हे कुणालाही होईल.

उपाय: लिनक्सवरचं फायलींची नावं बदलणारं साधन, कन्व्हमूव्ह. त्याला एनएफसी हे जोडलेलं रूप मागितलं की तुकडे जोडून एकसंध ऱ करतं. आपण मुद्दाम ‘नोटेस्ट’ म्हणेपर्यंत ते फक्त काय करणार तेवढं दाखवतं, फायलींना हात लावत नाही. ही त्याची सवय मला फार आवडली.

तरी काही नावं जुळेनात. तिथे तिसराच प्रकार निघाला. काही जण ऱ्य टाइप करताना साधा र, मग हलन्त आणि मग झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह घालतात. दिसायला तेच दिसतं, पण एनएफसी त्याला ऱ करत नाही. ती नावं हातानेच बदलावी लागली.

१० जून

खरी परीक्षा. कोरा लॅपटॉप, नवी विंडोज, आमच्या जुन्या मराठी फॉन्टपैकी एकही नाही. फक्त बॅकअपची डिस्क लावायची आणि २००६ सालचं एक आत्मचरित्र उघडून वाचायचं. लेखक एका साखर कारखान्यातले कामगार होते, आता हयात नाहीत.

वर्डची फाइल उघडली. पानभर रोमन अक्षरं, अपूर्णांकांची चिन्हं, चौकटी. हॅश जुळला होता, एकही बाइट हललेला नव्हता, आणि तरीही एक शब्द वाचता येत नव्हता. युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये फाइलच्या आत देवनागरी नसतेच. आत रोमन संकेतांक असतात आणि त्या जागांवर फॉन्टने ‘क’ किंवा अर्धा ‘श’ काढून ठेवलेला असतो. फॉन्ट नाही तर मजकूर नाही. माझ्या बॅकअपमध्ये कामाचे फोल्डर होते. फॉन्ट विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, म्हणजे बॅकअपच्या बाहेर.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचा डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा त्यांच्या बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या व्यवस्थांपैकी एकही धडपणे उपयोगी पडली नाही, हे त्यांनी स्वतः जाहीर केलं होतं. तिथे इंजिनिअर होते. घरी काम करणाऱ्यांनी तर परत उघडून बघितल्याशिवाय राहूच नये.

फॉन्ट रोजच्या संगणकावरून आणून बसवले. मजकूर दिसला, पण काही पानांत जोडाक्षरं फुटलेली: ‘श्र’च्या जागी भलतंच चिन्ह, रफार दोन अक्षरं पुढे. एकाच नावाच्या फॉन्टच्या वेगवेगळ्या काळातल्या दोन आवृत्त्या होत्या आणि त्यांत काही चिन्हांच्या जागा बदललेल्या होत्या. २००६ मध्ये वापरलेली आवृत्ती सीडींच्या पिशवीत सापडली. आता नियम असा की प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये त्या कामाचे फॉन्ट.

मग पेजमेकरची फाइल. चित्रांच्या जागी दाणेदार, अंधुक ठसे. मोठी चित्रं पेजमेकर बहुधा फाइलमध्ये ठेवत नाही, फक्त पत्ता ठेवतं, आणि पत्ता जुन्या संगणकाच्या डी ड्राइव्हचा. पेजमेकरमध्येच ‘सेव्ह फॉर सर्व्हिस प्रोव्हायडर’ अशी सोय आहे, ती फाइल, चित्रं आणि फॉन्ट एका फोल्डरमध्ये गोळा करते. छापखान्याला फाइल पाठवताना आम्ही ती वापरायचो. आता दर कामाला तीच चालवते आहे.

१५ जून

पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ मध्ये आली. ती नव्या मशीनवर चालवत राहणं हे जुगारासारखं आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) जुनी विंडोज एक्सपी, पेजमेकर आणि सगळे फॉन्ट बसवले आणि ते अख्खं यंत्र फाइल म्हणून बॅकअपमध्ये घातलं. या यंत्राचं इंटरनेट बंद ठेवलं आहे, एक्सपीला सुरक्षेचे अपडेट मिळून आता वर्षं झाली.

शिवाय प्रत्येक पुस्तकाची पीडीएफ, फॉन्ट आत घालून. ती कुठेही उघडते, छापता येते. मात्र या फॉन्टच्या पीडीएफमध्ये शब्द शोधता येत नाही, आणि मजकूर कॉपी केला तर पुन्हा रोमन कचराच हाती येतो.

२२ जून

नुसत्या मिररवर समाधान नव्हतं. फाइल आज बिघडली आणि रात्री मिरर झाला की प्रतही बिघडली. गूगल ड्राइव्हसारख्या सिंकचंही हेच: इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं आणि कचरापेटीत ३० दिवसच राहतं. मला मागच्या महिन्यातली फाइल हवी असते. म्हणून रेस्टिक हे बॅकअपचं सॉफ्टवेअर घेतलं, मोफत आणि मुक्त स्रोत. दर वेळी पूर्ण स्नॅपशॉट, म्हणजे त्या दिवशीच्या सगळ्या फायली, दिसतो, पण जागा फक्त बदललेल्या भागाला लागते. एक्सपीच्या अवजड फाइलसाठी तर हे वरदानच. ठेवण्याचा हिशेब: सात दिवसांचे, चार आठवड्यांचे, बारा महिन्यांचे.

रेस्टिक सगळं कूटबद्ध करतं, त्यामुळे लोकांचे अप्रकाशित मजकूर दुसऱ्याच्या घरी ठेवायला संकोच नाही. पण पासवर्ड गेला तर कुणीही काही करू शकत नाही. पासवर्ड देवनागरीत ठेवायचा विचार केला होता, तो सोडला. कोऱ्या मशीनवर मराठी कीबोर्ड नसतो, आणि पासवर्डात ऱ असेल तर तीन जूनची कटकट परत. साधे रोमन शब्द, कागदावर लिहून दोन बंद पाकिटांत, डिस्कपासून वेगळ्या जागी.

डिस्क काम झालं की काढून ठेवते. मे २०१७ च्या वॉनाक्रायसारखी खंडणी मागणारे व्हायरस जोडलेल्या डिस्कही कुलूपबंद करतात.

२९ जून

दुसरी डिस्क जतला मावशीकडे. जत दुष्काळी तालुका, कृष्णेचं पाणी तिथवर यावं म्हणून माणसं वर्षानुवर्षं झगडली, पुराची भीती नाही. मावशी म्हणाली, “अगं, दागिने असल्यासारखी काय देतेस, ठेव की कपाटात.” घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवली. पासवर्डचं पाकीट मावशीकडे नाही, भाच्याकडे.

पहिल्या वेळी पूर्ण प्रत प्रत्यक्ष नेणंच बरं. माझ्या ब्रॉडबँडच्या अपलोडने सहाशे जीबी चढवायला कित्येक दिवस लागले असते. फक्त पीडीएफ आणि मजकुराच्या फायली ऑनलाइन ठेवल्या, त्या १५ जीबीच्या मोफत जागेत बसल्या.

१३ जुलै

आतापर्यंतचा खर्च: डिस्क, बॅटरी, डबा, एसटीचं भाडं धरून पंधरा हजारांच्या आत. वेळ सगळ्यांत जास्त नावं आणि फॉन्ट यांत गेला. कॉपी करणं त्यापुढे काहीच नव्हतं.

आता बसलेली घडी: रोज रात्री रेस्टिक. महिन्यातून एकदा रेस्टिकच्या तपासणीत साठ्याचा बारावा भाग खरोखर वाचायला लावते, म्हणजे वर्षात सगळा वाचून होतो. दिवाळीत आणि ३१ मार्चच्या सुमारास जतची डिस्क बदलायची. तेव्हाच कोऱ्या लॅपटॉपवर एक जुनं पुस्तक उघडून त्याची दोन पानं छापील प्रतीशी ताडायची. ३१ मार्चला जगभर बॅकअप दिनही पाळतात, पण अहवालांच्या गर्दीत तो दिवस मला मिळणार नाही, म्हणून आठवडाभर पुढेमागे.

एक गोष्ट सुटलेली नाही. अक्षरं दिसायला फॉन्ट पुरतो, पण जुन्या पद्धतीने दुरुस्ती करायला टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याचं डोंगल (संगणकाला लावायची परवान्याची किल्ली) लागतं. डोंगलचा बॅकअप होत नाही. ते गेलं की पुस्तकं वाचता येतील, दुरुस्त करता येणार नाहीत. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये काढून साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवायला सुरुवात केली आहे. कन्व्हर्टर बहुतेक मजकूर नीट बदलतो, पण रफार, पोटफोड्या ष आणि ऱ्य इथे चुकतो, त्यामुळे प्रत्येक पान छापील पुस्तकाशी वाचावं लागतं. ज्यांचे लेखक आता नाहीत ती पुस्तकं आधी घेते आहे. साखर कारखान्यातल्या आत्मचरित्राची पहिली तीन प्रकरणं झाली. फॉन्टच्या आवृत्त्यांची आणि कन्व्हर्टर कुठे चुकतो त्याची यादी पूर्ण झाली की इथेच जोडेन.